मर्यादेत आलेली धूळ आणि न थांबणारा खोकला

प्रश्न थोडक्यात असा: "मी भंडारा जिल्ह्यातल्या एका उघड्या मँगनीज खाणीत सेफ्टी ऑफिसर आहे. धूळमोजणी दरवर्षी होते आणि अहवाल दरवेळी 'मर्यादेत' येतो. मास्क वाटलेत, पाण्याचा टँकर फिरतो, पीएमई म्हणजे ठरावीक काळानं होणारी वैद्यकीय तपासणी वेळच्या वेळी होते. तरी ड्रिलवरची आणि क्रशरवरची माणसं पाळी सुटताना खोकत असतात, मास्क गळ्यात लटकलेले असतात. चुकतंय कुठे? सुरुवात कुठून करू?"

तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर 'मर्यादेत' या शब्दात दडलंय, म्हणून आधी तोच सोलून बघू.

अहवाल काढा आणि मोजणी कोणत्या महिन्यात झाली ते बघा. मी पाहिलेल्या अहवालांत जुलै ते सप्टेंबरमधले बरेच निघाले. आपल्याकडे श्रावणात धूळ मोजणं म्हणजे एकादशीला घरचा किराणा मोजण्यासारखं. मग यंत्र कुठे होतं ते बघा. क्रशरपासून पंधरा पावलांवर तिवईवर उभं होतं, की माणसाच्या कॉलरला लावलेलं होतं? तिवई खोकत नाही. आणि तिसरी गोष्ट अहवालात सापडणार नाही, ती टँकरच्या ड्रायव्हरला विचारा: मोजणीच्या दिवशी किती खेपा मारल्या? एरवी चार मारणारा गडी त्या दिवशी सात मारतो. त्याला तसं कुणी सांगितलेलंही नसतं, साहेब लोक रस्त्यावर उभे दिसले की तो आपोआप मारतो.

मी मुळात डॉक्टर. पहिली काही वर्षं खाणीच्या दवाखान्यात एक्स-रे वाचत बसलो. मग लक्षात आलं की मी फक्त जुन्या धुळीचा जमाखर्च लिहितोय, आणि धूळ मोजायला शिकलो. म्हणून आधी मोजणीबद्दल.

मराठीत धुळीला शब्द कमी नाहीत. वाऱ्यानं उठतो तो धुरळा, उन्हाळ्यात रस्त्यावर पाय रुततो तो फुफाटा, गिरणीच्या भिंतीवर बसतो तो खकाणा. हे सगळं डोळ्यांना दिसतं, नाकात अडकतं, थुंकीवाटे बाहेर पडतं. फुफ्फुसाच्या तळाशी पोचते ती धूळ साधारण चार-पाच मायक्रॉनच्या आतली. तिला आपल्याकडे नाव नाही, कारण ती कुणाला दिसलीच नाही. ढग बसला, आता हवा साफ झाली असं वाटतं तेव्हाही ती बारीक धूळ बंद जागेत तासन्‌तास तरंगत असते. तुमची खोकणारी माणसं निदान कळवतायत तरी. मला जास्त काळजी न खोकणाऱ्यांची वाटते, कारण सिलिकोसिस, म्हणजे दगडातल्या सिलिकाच्या बारीक धुळीनं होणारा फुफ्फुसाचा आजार, सुरुवातीची कित्येक वर्षं मुकाट असतो.

ती धूळ बघायचा एक फुकटचा उपाय आहे. दुसऱ्या पाळीत अंधार पडल्यावर एक तगडी टॉर्च घ्या. कामाच्या जागेच्या पलीकडून तिचा झोत टाका, तुम्ही समोरून, झोताच्या थोडं बाजूला उभे राहा आणि डोळ्यांसमोर हात किंवा पुठ्ठा धरून टॉर्चची काच तेवढी नजरेआड करा, म्हणजे डोळे दिपणार नाहीत. दिवसा स्वच्छ वाटणाऱ्या जागेत दुधासारखं काहीतरी फिरताना दिसेल. यातून आकडा मिळत नाही, पण धूळ कुठून निघते आणि कुणाच्या तोंडाकडे जाते ते कळतं. मॅनेजर साहेबांना एकदा हे दाखवा. दहा पानी अहवालाचं काम होऊन जातं.

आकड्यासाठी मात्र माणसावर पंप लावावा लागतो. कमरेला पंप आणि कॉलरपाशी, नाकापासून वीतभर अंतरात, छोटं सायक्लोन. ते जाडी धूळ खाली पाडतं आणि बारीक तेवढी फिल्टरवर घेतं. पाळीभर पंप चालवायचा, फिल्टरचं आधीचं आणि नंतरचं वजन घ्यायचं, मग प्रयोगशाळेत त्यातली सिलिका तपासून घ्यायची. पंपाचा प्रवाह त्या सायक्लोनला सांगितलेलाच हवा. कमीजास्त झाला की धुळीची निवडच चुकते आणि पुढचे सगळे आकडे बिनकामाचे. पंप लावलेल्या माणसासोबत वही घेऊन एक जण पाळीभर बसवा. ही वही पंपाइतकीच महत्त्वाची आहे. का, ते एका प्रसंगावरून सांगतो.

बऱ्याच वर्षांपूर्वी एका खाणीत क्रशरवरच्या हेल्परला पंप लावून मी त्याच्यासोबत बसलो होतो. सहा-सात तास विशेष काही घडलं नाही. तो बहुतेक वेळ पत्र्याच्या खोलीत बटणापाशी होता. मग चूट, म्हणजे माल खाली सोडणारी घसरण, जाम झाली. सब्बल घेऊन तो आत उतरला, चाळीसेक मिनिटं ठोकठाक केली आणि पांढऱ्या भुवया घेऊन वर आला. आता हिशोब करू. आकडे समजण्यापुरते घेतोय. समजा त्या चाळीस मिनिटांत धूळ घनमीटरला ६ मिलिग्रॅम होती आणि उरलेल्या ४४० मिनिटांत ०.३. पाळीची सरासरी येते जवळपास ०.७८. म्हणजे कागदावर ठीक. पण त्या दिवशी त्याच्या छातीत गेलेल्या धुळीतली पासष्ट टक्के त्या चाळीस मिनिटांतली होती. या माणसाला आठ तास मास्क घालायला लावून काय साधणार? त्याची चूट जाम का होते, ते बघायला हवं. तिथे लायनरची, म्हणजे आतल्या अस्तराची, एक प्लेट झिजून वाकली होती आणि ओला माल तिथेच अडकायचा. प्लेट बदलली, बाहेरून सब्बल घालता येईल असं झाकणाचं भोक पाडलं आणि आत उतरणं जवळजवळ संपलं. हे काम फिटरनं केलं. आरोग्य विभागाच्या बजेटातून एक रुपया गेला नाही.

माझं सगळं सांगणं एवढंच आहे: खाणीत धूळ सगळीकडे असते, पण छातीत जाणारा मोठा वाटा ठरावीक माणसांच्या ठरावीक थोड्या मिनिटांत जातो. ती मिनिटं शोधा. सरासरीत ती लपतात, वहीत सापडतात.

आता मर्यादेच्या आकड्याकडे. १९६१ च्या धातू खाण नियमावलीतलं सिलिकाचं सूत्र तुम्हाला पाठ असेल: १५ भागिले धुळीतल्या मुक्त सिलिकाची टक्केवारी. सिलिका १५ टक्के असेल तर धुळीला १ मिलिग्रॅमपर्यंत मुभा, ३० टक्के असेल तर अर्धा. कोणतीही टक्केवारी घ्या, शुद्ध सिलिका घनमीटरला ०.१५ मिलिग्रॅमच येते. अमेरिकेच्या ओशा या कामगार-सुरक्षा संस्थेनं २०१६ मध्ये कारखान्यांसाठी हीच मर्यादा ०.०५ वर आणली. वरच्या हेल्परच्या धुळीत १५ टक्के सिलिका असती तर आपल्या हिशोबानं तो सुखरूप, आणि ओशाच्या हिशोबानं मर्यादेच्या दुपटीहून जास्त. मँगनीजचंही तेच आहे. ओशाचा जुना आकडा ५ मिलिग्रॅमचा, तर एसीजीआयएच या तज्ज्ञसंस्थेनं २०१३ मध्ये श्वसनीय मँगनीजसाठी सुचवलेला ०.०२. या दोन आकड्यांतलं अंतर बघितलं की 'मर्यादेत' हा शब्द ऐकून झोप येईनाशी होते. कायद्याचा आकडा ओलांडायचा नाही हे खरंच, पण तो आला की काम झालं असं धरू नका. मी निम्म्याच्या वर गेलं की हालचाल सुरू करतो.

ड्रिल. तुमच्याकडे मोठी यंत्रं असतील तर सोबत धूळ ओढणारं कलेक्टर असणारच. ते चालू आहे का, हे विचारू नका, कारण उत्तर नेहमी 'हो साहेब' येतं. खाली वाकून भोकाभोवतीचा रबरी पडदा बघा. तो फाटलेला असतो किंवा जमिनीपासून हातभर वर असतो. जमीन उंचसखल असल्यानं एका बाजूला फट राहते आणि सगळी धूळ तिथून सुटते. फट वीतभराच्या आत हवी. मग कलेक्टर धूळ कुठे टाकतो ते बघा. पाच फुटांवरून मोकळी सोडत असेल तर एकदा पकडलेली धूळ दुसऱ्यांदा उडते. त्या तोंडाला कापडाची नळी बांधली की ती जमिनीपर्यंत गुपचूप उतरते. नळीचा खर्च एका चांगल्या मास्कच्या खोक्यापेक्षा कमी असावा.

पाण्यानं ड्रिलिंग सगळ्यात चांगलं, आणि नियमही तेच सांगतात. पण ड्रिलवाल्यांची तक्रार ऐकून घ्या, ती खोटी नसते. पाणी जास्त झालं की चुरा गाळ होतो, भोक बुजतं, आणि ओल्या भोकात अ‍ॅन्फो हे स्फोटक नीट उडत नाही म्हणून ब्लास्टर ओरडतो. उपाय म्हणजे पाणी मोजून सोडणं. हवेत मिसळून मिनिटाला थोडंसंच, भोकातून चुरा ओलसर येईल पण चिखल होणार नाही इतपत. त्यासाठी व्हॉल्व्हशेजारी एक साधा प्रवाहमापक हवा. तो नसला की ऑपरेटर एक तर पूर्ण उघडतो नाहीतर पूर्ण बंद करतो, आणि पाळीच्या दुसऱ्या तासानंतर बंदच असतो.

मोठ्या ड्रिलपेक्षा मला भीती वाटते ती जॅकहॅमरची, म्हणजे हातात धरून चालवायच्या ड्रिलची. मोठे बोल्डर फोडायला जे भोक पाडतात, ते काम बहुतेक ठेकेदाराच्या माणसांकडे असतं आणि बहुतेक कोरडंच चालतं. कारण पाण्याची लाइन तिथवर आलेली नसते. माणूस वाकलेला, तोंड भोकापासून दोन-अडीच फुटांवर. तिथे एक २०० लिटरचा ड्रम, थोडा दाब आणि ओल्या ड्रिलिंगचा जॅकहॅमर एवढं पुरतं. रॉक ब्रेकर मिळाला तर भोकच पाडावं लागत नाही, ते सर्वांत उत्तम.

क्रशरवर आणि बेल्टच्या प्रत्येक उतारावर पाणी मारताना एक चूक सगळीकडे दिसते: धूळ उडाल्यावर तिच्यावर पाणी मारतात. मोठे थेंब बारीक कणांना शिवतच नाहीत. थेंबाभोवतीची हवा कणाला बाजूला सारते. माल पडायच्या आधी ओला करा, हवेला नाही. आणि माल जितक्या उंचीवरून पडतो तितकी धूळ. उतार कमी करणं, बाजूनं रबरी झडप लावणं ही वेल्डरची कामं आहेत.

रस्त्याचं काय? भर मे महिन्यात चंद्रपूर-भंडाऱ्याकडे टँकरनं मारलेलं पाणी अर्ध्या तासात उडून जातं. कॅल्शियम क्लोराइड किंवा मॅग्नेशियम क्लोराइडसारखी ओलावा धरून ठेवणारी मिठं वापरून बघा. पण त्याआधी डंपरचा वेग आणि दोन डंपरमधलं अंतर. मागच्यानं वीसेक सेकंदांचं अंतर ठेवलं तर पुढच्याची बरीच धूळ त्याच्यापर्यंत येईतो बसते. हे टूलबॉक्स टॉकमध्ये, म्हणजे कामाआधीच्या छोट्या सुरक्षा-बैठकीत, सांगून होत नाही, डिस्पॅचवरून सोडतानाच अंतर ठेवावं लागतं.

डंपर आणि शॉवेलच्या केबिनचा एसी हे माझ्या मते धूळनियंत्रणाचं यंत्र आहे. तो बंद पडला की ४५ अंशांत कुणीही काच खाली करणार, त्याला दोष देऊ नका. एसी दुरुस्तीची फाइल 'सुखसोयी'त जाते आणि महिनाभर पडून राहते. ती तुमच्या टेबलावर घ्या, तिच्यावर 'धूळ' लिहा आणि किती केबिनचे एसी आज चालू आहेत हा आकडा रोजच्या बैठकीत सांगत जा.

आता ज्यांच्याबद्दल तुम्ही विचारलंच नाही त्यांच्याविषयी. माल निवडणाऱ्या, हातोडीनं दगड वेगळा करणाऱ्या बायका अजून तुमच्याकडे आहेत का? बसून काम, ढीग समोर, पदर तोंडाला. त्यांच्या कॉलरला पंप लावायचं कुणाच्या डोक्यात येत नाही. ढिगावर दिवसातून तीन-चारदा हलकं पाणी शिंपडणं, त्या कुठे बसतात ते वाऱ्याच्या दिशेनं ठरवणं आणि वर सावली, एवढ्यानं फरक पडतो. आणि पाळी सुटताना कॉम्प्रेसरच्या नळीनं कपडे झटकायची जी पद्धत सगळीकडे आहे, ती उद्यापासून बंद करा. त्या दोन मिनिटांत नाकासमोर जो ढग उठतो तो पाळीत कुठे उठत नाही. त्याऐवजी कपडे बदलायची खोली आणि कपडे खाणीतच धुवायची सोय हवी, नाहीतर उरलेली धूळ घरी बायको झटकते.

मास्कबद्दल तुम्ही विचारलंत, म्हणून शेवटाकडे लिहितो. त्याची जागा तिथेच आहे. दुपट्टा आणि सर्जिकल मास्क या धुळीला अडवत नाहीत. आयएस ९४७३ या भारतीय मानकाखालचा एफएफपी-२ दर्जाचा मास्क घ्या, दाढी असेल तर तो बसत नाही हे सांगा, आणि आठ तास घाला असं चुकूनही सांगू नका. वहीत सापडलेल्या त्या चाळीस मिनिटांपुरता घाला असं सांगा. कमी वेळ मागितला की माणसं खरंच घालतात. हा माझा अनुभव आहे आणि मला त्याचं सुरुवातीला आश्चर्य वाटलं होतं.

मँगनीजचा आजार सिलिकोसिससारखा छातीत दिसत नाही, तो मेंदूत बसतो. ग्लासगोत जॉन कूपरनं १८३७ मध्ये मँगनीज दळणाऱ्या कामगारांत त्याची पहिली नोंद केली. सुरुवात झोप उडण्यानं, विनाकारण चिडण्यानं होते. मग चेहरा निर्विकार होतो, आवाज बसका होतो, चवड्यांवर कोंबड्यासारखं चालणं येतं, मागे चालायला सांगितलं की माणूस पडतो. पार्किन्सनसारखं दिसतं, पण त्यावरच्या लेव्होडोपानं फारसा फायदा होत नाही. रक्तातलं मँगनीज मोजून फार काही कळत नाही. मी तीन गोष्टी करत आलो: पाच पावलं मागे चालायला लावायचं, हजेरीपटावरच्या आताच्या सहीची पाच वर्षांपूर्वीच्या सहीशी तुलना करायची कारण अक्षर बारीक होत जातं, आणि जमलं तर घरच्या माणसाशी बोलायचं. नवरा 'मी ठीक आहे' म्हणतो, बायको सांगते की रात्रभर येरझारा घालतात.

यावरून पीएमईवर येतो. १९५५ च्या खाण नियमांनी नेमणुकीआधी एक आणि मग दर पाच वर्षांनी एक तपासणी घालून दिली. ती हवीच, पण तिला नियंत्रण म्हणू नका. आज एक्स-रेवर दिसणारे ठिपके दहा-पंधरा वर्षांपूर्वीच्या धुळीचे आहेत. तिचा उपयोग एकच करून घ्या: सगळ्या तपासण्या कामानुसार लावा. ड्रिलवाले एकीकडे, क्रशरवाले एकीकडे. एकट्याची फाइल काही बोलत नाही, एकाच कामावरच्या आठ जणांची श्वासाची क्षमता सोबतच उतरत असेल तर बोलते. एक्स-रे आयएलओच्या (आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या) प्रमाणित फिल्मशी ताडून वाचणाराच डॉक्टर हवा. नाहीतर सिलिकोसिसला टीबी ठरवून औषधं सुरू होतात, बरं वाटत नाही, पुन्हा औषधं. उलटही होतं: सिलिकोसिस असलेल्याला खरोखरचा टीबी लवकर जडतो, म्हणून थुंकी तपासल्याशिवाय कोणतंच लेबल लावू नका. सिलिकोसिस आणि मँगनीजची विषबाधा हे दोन्ही कायद्यानं अधिसूचित रोग आहेत. निदान झालं की कळवणं भाग आहे. ते लपवणारा मॅनेजर स्वतःचं नुकसान करून घेतो.

तुमच्या पत्रात ठेकेदाराच्या माणसांचा एकही उल्लेख नाही. कायम कामगाराची फाइल जाडजूड असते. जॅकहॅमरवरचा ठेक्याचा पोरगा आज इथे, पुढच्या वर्षी दुसऱ्या खाणीत, मग गिट्टी क्रशरवर. त्याच्या धुळीची बेरीज कुठल्याच वहीत होत नाही. वीस वर्षांनी धाप लागेल तेव्हा तो तालुक्याच्या दवाखान्यात असेल आणि तिथला डॉक्टर त्याला 'बिडी सोडा' म्हणेल. ठेक्याच्या करारात पाण्याचं ड्रिलिंग, सुरुवातीची तपासणी आणि जाताना एक्स-रेची प्रत हातात, या तीन ओळी घालून घ्या. कराराचं नूतनीकरण होताना घातल्या तरच जातात.

आवाजाचं जाता जाता सांगतो. आपल्याकडे ८ तासांना ९० डेसिबल धरतात, मी ८५ ला काम सुरू करतो, कारण तीन डेसिबल वाढले की आवाजाची ऊर्जा दुप्पट होते. ड्रिलच्या आवाजात केबिनची काच बंद राहणं हाच कानाचाही मोठा बचाव. म्हणजे पुन्हा एसी.

सुरुवात कुठून करू, असं तुम्ही विचारलंय. येत्या सोमवारी एक वही घ्या आणि जॅकहॅमरवरच्या एका माणसासोबत पहिल्या पाळीला बसा. दर दहा मिनिटांनी तो काय करतोय ते लिहा: भोक, विश्रांती, चहा, नळी ओढणं. पंप लगेच लागत नाही. दुसऱ्या दिवशी क्रशरचा हेल्पर, तिसऱ्या दिवशी मालाच्या ढिगापाशी. शनिवारी त्या तीन पानांवर जिथे धूळ डोळ्यांना दिसली तिथे लाल रेघ मारा. पंप भाड्यानं आणाल तेव्हा तो त्या लाल रेघांवर लावा, आणि ते मार्च ते मे मध्येच करा. तोवर एक काम आजच करता येईल: फेसजवळच्या, म्हणजे जिथे खोदकाम चालतं तिथल्या, पाण्याच्या टाकीत दुपारी दोन वाजता पाणी किती उरतं ते बघून घ्या.